हापशीची शपथ

१२ नोव्हेंबर २०१५
करवाटोल्याच्या भावाबहिणींनो, अख्खं जंगल तुम्ही डोक्यावर वाहता, आणि सरकार तुम्हाला घोटभर चांगलं पाणी देत नाही. आज आल्या आल्या साजाच्या झाडाखाली अशी सुरुवात केली आणि टोला, ही डोंगरातली छोटी वस्ती, पेटला. कचारगडच्या बाजूचा हा डोंगर पाहताक्षणी आवडला. उदेभान मडावीने राहायला पडवी दिली, त्याच्या आईने, बायजाबाईने, मोहाचे लाडू.

इथली म्हातारी माणसं मान वळवत नाहीत, अख्खी वळतात. भाकर गिळत नाहीत, पेज पितात. मी वाचलं आहे: हापशीच्या पाण्यातलं फ्लोराइड हाडावर हाड चढवतं. चांगला झरा आहे, पण कोसभर लांब. मी देव मानत नाही, शब्द मानतो. साजाखालच्या बडादेवासमोर, गोंडांच्या थोरल्या देवासमोर, शपथ घेतली की नळ येईपर्यंत मीही हापशीचंच पिणार. टाळ्या थांबेनात. बायजाबाई तेवढी म्हणाली, देवापुढं बोललेलं मांगं घेता येत नाही, भाऊ. मी हसलो.

३ मार्च २०१९
मोर्चे झाले, उपोषण झालं, नळ नाही. उदेभान चिडवतो की हापशीचं पेऊन भाऊचा आवाज अजून वाढून राह्यला. त्याला ठाऊक नाही, भाषणात मान मागे टाकायची माझी सवय सुटली आहे. मान जातच नाही. लाडू घशात अडकतो, मग पाण्याने ढकलतो. त्याच पाण्याने.

१८ जून २०२२
गोंदियाच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे दाखवला. मणक्यांतून पुढे आलेली हाडाची टोकं, पोपटाच्या चोचीसारखी, अन्ननलिकेत रुतलेली. आधी ते पाणी सोडा, म्हणाले, मग ऑपरेशनचं बघू. सोडलं तर लढा मोडला. परत आलो. भर उन्हात गळ्याला मफलर. कोणाला सांगितलं नाही.

९ जानेवारी २०२५
पेजही परत येते. बसून झोपतो. आज पाणी खात्याचे साहेब आले. नळ कशाला, तुमचा पुढारी इतकी वर्षं हेच पितो, त्याला काय झालं, असं सगळ्यांसमोर विचारलं. मी उठलो. तोंड उघडलं. नुसती घरघर. माणसं उठून घरी गेली.

१० जानेवारी
शेजारचा टोला आजवर झऱ्याचं पीत होता, आज त्यानेही झरा सोडला. हापशीवर त्यांच्या घागरींची रांग — उदेभान म्हणतो, तुमी पेऊन राह्यले, तुमाले काई झालं नाई, मंग आमी काऊन भ्यावं? त्याची लेक रीना ओंजळीने पीत होती. त्याने हाक मारली. पोर अख्खी वळली —

११ जानेवारी
थुंकीही उतरत नाही. बायजाबाई पेला धरून बसते. शपथ आहे, भाऊ, पे. मी नाही म्हणून मान हलवतो. हलत नाही. ती हो समजते.

१२ जानेवारी
रीना, या घरात तुलाच वाचता येतं. हे साजाखाली मोठ्याने वाच. भावाबहिणींनो, माझ्या गळ्यात हाड — मी लपवलं — तो साहेब खोटं — बायजाबाई येते आहे, हातात पेला — झऱ्यावर जा, आणि हापशीचा दांडा आजच उपटून