पुस्तकातला तो मुलगा

ती. आईस,
इथूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुण्याचं काम मिळालंय. पाणी गरम येतं, त्यामुळे हातांची काळजी नको. खोलीही बरी आहे, खिडकी तेवढी नीट लागत नाही. तुझा गुडघा कसा आहे?

पण इथेही ताई माझ्या आधी येऊन बसलीय. इथली मुलं जीवरसायनशास्त्र तिच्याच पुस्तकातून शिकतात. संशोधन झालं, संस्थेची संचालक झाली, तरी बाईसाहेबांचं पोट भरलं नाही. मी जळतजळतच पुस्तक उघडलं. लाळेच्या धड्यात लिहिलंय, ‘एक मुलगा पावाचा घास गिळायचा नाही. चघळत बसायचा आणि म्हणायचा, आता गोड लागतोय.’ मग लाळेने त्या घासाची साखर कशी होते, ते चांगली दोन पानं.

आई, तो मीच ना? सगळे हात धुऊन उठायचे तरी मी ताटावरच, आणि तू ओरडायचीस, "गिळ की मेल्या!" शोध माझा आणि नाव तिचं.

इथल्या एका विद्यार्थिनीला सांगितलं, हा मुलगा म्हणजे मी. ती म्हणाली, "मग दादा, तुम्ही इथे बाटल्या का धुताय?" मी नळ मोठा सोडला.

ताईचा फोन आला की सांग, नव्या आवृत्तीत ‘एक मुलगा’ खोडून ‘माझा भाऊ’ लिही. मी सांगितलंय हे मात्र कळू देऊ नकोस.

अजूनही सगळ्यांच्या मागून जेवून उठणारा,
तुझा धाकटा