चिमणी एकटी आत गेली

३ जून
म्हणे आता चिमणीने लहान मुलांच्या दवाखान्यात यायचं नाही! अठरा पूर्ण होतायत, पुढे मोठ्यांच्या डॉक्टरांकडे. अकरा दिवसांची असताना इथेच तिची छाती उघडली होती. लेक कामावर जाते, म्हणून नातीची फाईल तेव्हापासून माझ्या काखेत. मी सातवी नापास, पण तिच्या गोळ्यांची नावं तोंडपाठ. नवीन डॉक्टरांना काय ठाऊक?

१० जून
मोठ्यांकडे पाठवण्याआधी नर्सबाई मुलांची तयारी करून घेतात. "तुझ्या हृदयाला काय झालं होतं, तूच सांग."
मी लगेच — "भोक होतं, बुजवलं."
"आजोबा, हृदय तुमचं आहे का?"
सगळे हसले. माझी कानशिलं तापली.
चिमणी म्हणाली, "भोक नव्हे. माझ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या जन्मतःच उलट्या जोडलेल्या होत्या. त्या कापून जागच्या जागी लावल्या."
अठरा वर्षं मी गावभर भोक भोक सांगत सुटलो!

११ जून
तिने कागदावर काढून दाखवलं. मी जन्मभर नळ जोडले. अर्ध्या इंचाचा पाइपही कधीकधी गळायचाच.
"या केवढ्या होत्या गं?"
"पेन्सिलीएवढ्या. आणि हृदयालाच रक्त देणाऱ्या, त्या काडेपेटीतल्या काडीहून बारीक."
आणि त्याही शिवल्या! वर तो जोड तिच्याबरोबर वाढला. माझा कुठला जोड घराबरोबर वाढला? जेवताना घास हातातच राहिला.

१९ जून
तिची गोळ्यांची डबी हळूच मोजत होतो. पकडला गेलो.
"आजोबा, पोलिसात भरती झालात का?"
गोळ्या बरोबर होत्या.

२६ जून
मोठ्यांचा दवाखाना. भिंतीवर ना ससा ना हत्ती. बाकावर सगळी माझ्यासारखी खोडं. डॉक्टरीणबाई दारात येऊन म्हणाल्या, "आधी पेशंट एकटीच." मी उठलोच होतो. चिमणीने फाईल माझ्या काखेतून सोडवली. "बसा हो." दार बंद.
पाच मिनिटं. दहा. पंचवीस! एवढं काय बोलायचं असतं?
बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरीणबाई तिला 'तुम्ही' म्हणत होत्या. माझ्या चिमणीला! आणि ती ताठ उभी, पुढच्या तपासणीची तारीख स्वतः ठरवत होती.

३ जुलै
फुप्फुसाकडे जाणारी नळी आवळत चाललीय. फुगा घालून उघडतील. "वेळेवर बोललात," डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या. मार्चपासून जिना चढताना तिला चक्कर येत होती, ते तिने त्या बंद दाराआड सांगितलं.
एप्रिलमध्ये जुन्या डॉक्टरांनी तिलाच विचारलं होतं, "काही त्रास?"
"काही नाही," मीच म्हणालो होतो. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि गप्प बसली.