टाकी पुन्हा पुढे आली आहे

अहो,

“माझ्या विमानाला या घरात हात तरी कोण लावतं?” असं सकाळी दाराआड पुटपुटत होतात. मीच लावते.

तुमच्या रिमोटवर उडणाऱ्या छोट्या विमानाची इंधनाची टाकी तुम्ही पुन्हा नाकात बसवलीत आणि ती भरून तोल पाहिलात. उडताना इंधन जळेल, नाक हलकं होईल, शेपटी जड होईल आणि उतरायच्या वेळी विमान आपटेल. टाकी तोलबिंदूवर बसवायची आणि तोल ती रिकामी असताना पाहायचा, हे मला तुम्हीच शिकवलंत. तीनदा मी गुपचूप ती मागे सरकवली. तीनदा तुम्ही पुढे नेलीत.

आज मला दुकानातून लवकर निघता येणार नाही, आणि मी यायच्या आत तुम्ही ते उडवायला न्याल, म्हणून रिमोटचं ऐकणारी विमानाची बॅटरी माझ्या पर्समध्ये घेऊन चालले आहे. घरभर शोधू नका. ओरडायचं ते संध्याकाळी ओरडा. जेवण गरम डब्यात आहे, गॅस पेटवू नका.

असं कसं झालं म्हणून लेक फोनवर विचारते तेव्हा तुम्ही म्हणता, “घाईत झालं.” मीही मान डोलावते. घाई कसली हो, दिवसभर घरीच तर असता. तुम्ही विसरायला लागला आहात. टाकी मला मागे सरकवता येते; यात काय सरकवू, ते कळत नाही.