आडव्या सायकलीला इंजिन

प्रिय जोसेफ,

तुझी आज्ञा योगिताने फोनवरून पोहोचवली. "काका, पप्पा म्हणतात, त्यांची आडवी सायकल विकून टाका," एवढेच बोलून तिने फोन ठेवला. तुझी कन्या निरोप कधी शोभिवंत करत नाही. हा तिचा गुण मला प्रथमच खुपला. तू स्वतः फोनवर येत नाहीस. होळीनंतरच्या त्या आघाताने तुझी डावी बाजू लुळी पडली, जीभही मंदावली, आणि अडखळते बोलणे कोणी ऐकलेले तुला खपत नाही. म्हणून हा पत्रप्रपंच. पत्राला मध्येच तोडता येत नाही. इतक्या वर्षांच्या मैत्रीत ही सोय मला प्रथमच लाभत आहे. योगिता, हे तू मोठ्याने वाचत असशील तर जड शब्द गाळू नकोस. ते गाळले तर माझे असे फारसे काही उरत नाही.

प्रथम आज्ञापालनाचा वृत्तांत. विक्रीचा प्रामाणिक प्रयत्न केला. बसथांब्यावरच्या चहावाल्या दोधूने तुझ्या वाहनाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि विचारले, "सर, हाई खुर्ची शे का सायकल?" मी शास्त्रोक्त निरूपण केले: मागे टेकून बसावे, पाय समोर पसरावेत, नाकासमोरचे पायडल मारावे; कंबर, मान आणि मनगटे यांस परम विश्रांती. त्याला सायकल पटली, पण गिऱ्हाइकांना बसण्यासाठी. आपल्या द्विसदस्यीय शयनचक्री मंडळाच्या अध्यक्षांच्या आसनावर बसून कोणी बिडी ओढावी, हे सचिवाला सहन होण्याजोगे नव्हते. व्यवहार फिसकटला. तू खांडबाऱ्याला गेल्यापासून सायकल माझ्या पडवीत आहे, तिथेच ती राहिली, आणि गिऱ्हाइकाचा शोध मी थांबवला आहे.

आठवते ना, मोडक्या बाकांच्या नळ्या जोडून तू शाळेच्या शेडमध्ये या दोन सायकली उभ्या केल्यास, म्हणजे आडव्या केल्यास? तू कार्यानुभवाचा शिक्षक, मी संस्कृतचा. तू वेल्डिंग केलेस, मी नामकरण केले. श्रमविभागणी यथायोग्य होती. पुढे रोज सकाळी केळीच्या शिवारातून आपण शाळेत जायचो, जमिनीपासून हातभर उंचीवर, आकाशाकडे पाहत. एकदा पश्चिमेच्या वाऱ्यात माझी दमछाक झाली असता मी छोट्याशा इंजिनाचा विनम्र प्रस्ताव मांडला. तू पायडल न थांबवता म्हणालास, "ज्याला इंजिन पाहिजे त्याने मोटारसायकल घ्यावी आणि सावलीत बसून लाज वाटून घ्यावी." मंडळाचा तो पहिला आणि एकमेव नियम ठरला.

जोसेफ, त्या नियमाचा मी भंग केला आहे. माझ्या सायकलीला इंजिन लावले आहे.

इंजिन पुतण्या भावेशच्या फवारणी पंपाचे. पाठीवर बांधून कपाशीवर औषध मारतात, तो पेट्रोलचा पंप. औषधाची टाकी काढली, इंजिन आसनामागे बसवले आणि त्याच्या दांड्यावर एक खरबरीत रूळ चढवला. तो रूळ मागच्या चाकाला घासतो आणि चाक फिरते. भावेशने विचारले, "काका, मंग कपाशीले काय फवारू, तुमनं संस्कृत?" मी त्याला आशीर्वाद दिला आणि पंप ठेवून घेतला.

प्रथम उड्डाणाचे वर्णन मात्र संक्षेपाने करतो. इंजिन दोरी ओढून सुरू होते आणि दोरी पाठीमागे. आडव्या आसनावर रेललेल्या मनुष्याला पाठीमागची दोरी ओढता येत नाही, हा साक्षात्कार मला आसनस्थ झाल्यावर झाला. मग मी खाली उतरून, बाजूला उभे राहून, वीरश्रीने दोरी ओढली. वाहन तत्काळ सुरू झाले आणि माझी वाट न पाहता एकटेच मार्गस्थ झाले. बांध ओलांडून ते भावेशच्या केळीत शिरले, तेव्हा दोन कोवळी झाडे आणि माझी उरलीसुरली प्रतिष्ठा एकदमच आडवी झाली. आता दोरी छोट्या कप्पीवरून उजव्या हातापाशी आणली आहे आणि रूळ चाकावरून उचलून धरणारी एक कळही बसवली आहे. वेग बेताचा आहे. बैलगाडी पुढे जाते तेव्हा बैल मान वळवण्याचेही कष्ट घेत नाहीत.

आणि गाव! भाजी विकणाऱ्या रमिलाबाईंनी टोपलीवरचा हात न उचलता विचारले, "मास्तर, तिरडीले बी इंजिन लाई लिधं का? खांदा देवाले कोनी भेटनं नही का?" दोधू रोज संध्याकाळी केळीतला प्रसंग गिऱ्हाइकांना अभिनयासह दाखवू लागला, आणि त्यात माझी भूमिका किटलीकडे असे. मी रोज त्याच वेळी, त्याच वाटेने, फटफट करत जात राहिलो. शिवाररस्ता सोडला नाही, गावही चुकवले नाही.

आता तू भुवई उंचावली असशील. माझे पाय ठणठणीत आहेत; मग हा विकार कशासाठी? शिवाय रचनाही विचित्र. मागे एकाऐवजी दोन चाके केली आहेत, त्यामुळे थांबल्यावर पाय टेकावा लागत नाही. ब्रेक, गती, दोरी, कळ, सर्व काही उजव्या हाताशी. वामहस्तास मी सन्मानपूर्वक निवृत्त केले. आठवडाभर डावा हात खिशात घालून आणि डावा पाय पायडलला नुसता बांधून मी चालवून पाहिले. वळणावर दोनदा चुकलो, तेव्हा आसन थोडे उजवीकडे कलते केले. गावाला वाटले, मास्तर ऐटीत चालला आहे.

फसली नाही ती एकटी कामिनी. डाव्या पायासाठी कातडी पट्टा शिवायला दिला, तेव्हा तुझ्या वहिनीने माझ्या धडधाकट पायाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सुई ओवत म्हणाली, "जोसेफभाऊना पाय तुमनापेक्षा मोठा शे. पट्टा लांब ठेवस." मी आणखी वीतभर कातडे कापून तिच्यापुढे ठेवले.

तर मित्रा, पत्राचे प्रयोजन असे. तुझ्याही सायकलीला दोन मागची चाके, इंजिन आणि तो लांब पट्टा बसला आहे. दुसरा पंप भावेशने स्वतः आणून दिला; कोणासाठी हे कळल्यावर त्याने कपाशीचे नावही काढले नाही. प्रथम मी माझी सायकल बाटवली, कारण नियमभंगाचा मान अध्यक्षांकडे जाता कामा नये, आणि दुसरे कारण असे की हसू ही संपणारी वस्तू आहे. आपल्या ब्राह्मणपुरी गावाचे हसू पंधरवड्यात संपले. आता दोधू किटलीवरून नजर उचलत नाही आणि रमिलाबाई मला फक्त मेथीचा भाव सांगतात. तू घराबाहेर का पडत नाहीस, हे योगिताने मला सांगितलेले नाही; मला ते तिने सांगण्याची गरज नव्हती. दिवाळीच्या सुट्टीत भावेशच्या पिकअपमधून दोन्ही सायकली घेऊन मी खांडबाऱ्याला येतो. तू ओट्यावर बस. मी एकटाच तुमच्या बाजारातून स्टेशनपर्यंत जाईन आणि येईन, रोज, फटफट करत. खांडबारा मोठे बाजाराचे गाव, हसायला अधिक दिवस लागतील, म्हणून पूर्ण सुट्टी राखून ठेवली आहे. ज्या दिवशी कोणी मान वर करणार नाही, त्या दिवशी तू ओट्यावरून उतर. पुढे तू, मागे मी. किंवा अध्यक्ष म्हणतील तसे. नियमात दुरुस्ती व्हायला तुझी संमती लागते. 'हो' असेल तर योगिताला नुसती मान हलवून सांग, तेवढे पुरे. 'नको' असेल तर मात्र स्वतः फोनवर यावे लागेल. हवे तितके अडखळ, मी शेवटच्या शब्दापर्यंत थांबेन. पण दुसऱ्याच्या तोंडून आलेला नकार हे मंडळ स्वीकारत नाही.

तुझाच,
रूपचंद
(सचिव, तूर्त नियमभंगाचा आरोपी)