मुठीचे तांदूळ

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलायची माझी सवयच मोडली होती. आज सकाळी मुठीच्या पिशवीतल्या तांदळाला सोंडे लागलेले दिसले आणि पहिली हाक तुलाच मारावीशी वाटली. तांदूळ अंगणात जुन्या चादरीवर पसरले आहेत, चिमण्या हाकायला मी शेजारी पाट टाकून बसले आहे, आणि बसल्या बसल्या हे लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. बाबा असते तर त्यांनी वाचून दाखवलं असतं, पण तेही आता तुझ्याकडेच आहेत.

मूठ काढायची रीत तू मोडू दिली नाहीस. भाताला तांदूळ घेतले की घरात जेवणारी जितकी तोंडं, तितक्या मुठी आधी पिशवीत टाकायच्या आणि मगच चुलीकडे वळायचं. रविवारी ती पिशवी देवळात न्यायची. चर्चला देऊळ आपण घरात म्हणायचो, बाकी सगळे गिरजा म्हणायचे. मुलूखच हिंदी, म्हणून उपासना हिंदीत, गाणी हिंदीत, आणि तू अमरावतीकडून आलेली. तुझ्या तोंडी ती गाणी अशी काही वेगळी व्हायची की बाबा खाली मान घालून हसायचे. घमापुरातल्या घरातून निघून रेल्वेलाइन ओलांडून आपण चालत जायचो. तिथे पुढे वेताची मोठी टोपली ठेवलेली असायची. घरोघरच्या पिशव्या तिच्यात रिकाम्या व्हायच्या आणि ज्यांच्या घरी चूल पेटायची मारामार, त्यांच्याकडे ते तांदूळ जायचे. धाकटा भाऊ चार अक्षरं बोलायला लागल्यापासून स्वतःची मूठ स्वतःच टाकायचा. त्यातले निम्मे दाणे जमिनीवर पडायचे आणि तू ते वेचत बसायचीस, पण त्याचा हात कधी धरला नाहीस.

देवळाच्या बाबतीत तू फार कडक होतीस. पाय दुखतो, डोकं दुखतं, शाळेचा अभ्यास राहिला आहे, असं काही चालायचं नाही. बाबांची कारखान्यात रविवारी पाळी असली तर तू आम्हा दोघांना घेऊन एकटी निघायचीस. मी जरा शिकले तेव्हा मला शिंगं फुटली. मिशनच्या शाळेत बाई सांगायच्या की देव सगळीकडे आहे, तेव्हा एका रविवारी मी तुला तेच ऐकवलं. घरात प्रार्थना केली तर तो ऐकत नाही का, मग उन्हातान्हात एवढी पायपीट कशाला? तू वेणी घालत होतीस. माझे केस जरा जास्तच ओढलेस आणि म्हणालीस, "देव कुठंही ऐकते. माणसं घरातून ऐकू येत नाहीत, म्हणून जा लागते." मला हे उत्तर अगदी अडाणी वाटलं होतं.

मग ती तापाची साथ आली. गावात घरटी कोणी ना कोणी जात होतं, आणि आपल्या घरातून भाऊ गेला. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. बाबा दारात उकिडवे बसलेले आठवतात आणि तुझा कोरडा चेहरा आठवतो. पण त्यानंतरचा पहिला रविवार मला आजही लख्ख दिसतो. तू सकाळी उठून अंघोळ केलीस, धुतलेलं लुगडं नेसलीस आणि पिशवी बांधायला घेतलीस. बाबा म्हणाले, आज राहू दे. तू गाठ आवळलीस आणि निघालीस. मला तुझा इतका राग आला होता, आई. माझा भाऊ मातीत आहे आणि ही बाई गाणी म्हणायला निघाली आहे, असंच मनात आलं होतं. तरी तुला एकटीला कसं सोडायचं म्हणून मागून चालत आले.

देऊळ अर्धं रिकामं होतं. ज्यांना यायचं होतं त्यातले कितीतरी अंथरुणाला होते, कितीतरी गेले होते. तू आपल्या नेहमीच्या जागी बसलीस. तुझ्या मागे नेहमी ती इस्पितळातली आया असायची. तिचा आवाज फाटक्या ढोलासारखा, सूर तर जवळूनही जायचा नाही, आणि घरी आल्यावर तू तिची नक्कल करून आम्हाला हसवायचीस. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, तूही राहिलीस. तू तोंड उघडलंस आणि आवाजच आला नाही. पुन्हा उघडलंस. मी तुझ्याकडे बघत होते आणि मला वाटलं, आता ही खाली पडणार. तेवढ्यात ती आया एक पाऊल पुढे सरकली, अगदी तुझ्या खांद्याशी आली, आणि तिच्या त्या भसाड्या आवाजात तुझ्या कानाशी मोठ्यानं गायला लागली. तुला हात लावला नाही. गाणं संपेपर्यंत गात राहिली. तुझ्या डोळ्यांतून त्या दिवशी पहिल्यांदा पाणी आलं.

परत येताना लाइनीपाशी मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागलं. मी विचारलं, गाता येत नव्हतं तर तू गेलीसच काहून? तू डब्यांकडे बघत म्हणालीस, "म्हणूनच गेली. माझ्या वाट्याचं तिनं गायलं. मी घरी बसली असती तर तिनं कोणाच्या मागं उभं राहून गायचं होतं?" मग जरा वेळानं, मला सांगायला म्हणून नाही, आपल्याशीच म्हणालीस की चांगल्या दिवसांत जागा धरून ठेवली तरच वाईट दिवसांत ती लोकांना सापडते. त्यानंतर तू त्या बाईची नक्कल कधी केली नाहीस.

दुसऱ्या दिवशी तू भाताला बसलीस तेव्हा मी चुलीपाशीच होते. तू बाबांची मूठ काढलीस, माझी काढलीस, तुझी काढलीस. मग पुन्हा हात तांदळात घातलास, बोटं आवळून घेतलीस, इतकी की आत जेमतेम चिमूटभर मावावेत, आणि तेवढे दाणे पिशवीत टाकलेस. मी बघते आहे हे तुला कळलं. तू एवढंच म्हणालीस, "त्याची एवढीच असते." पुढे कितीतरी वर्षं तू ती मूठ टाकत होतीस, आणि ती कधी मोठी झाली नाही.

हे सगळं आज तुला सांगते आहे कारण माझी मुलगी गेली, आई. तू तिला मांडीवर घेतलं होतंस, तिच्या पायांना तेल लावलं होतंस. ती मोठी झाली, उंच झाली, शिक्षिकेचं शिकायला लागली होती. देवळात माझ्या डाव्या हाताला बसायची आणि मी फार मोठ्यानं गायला लागले की कोपरानं ढोसायची, "आई, हळू गा ना." पिशवी टोपलीत ओतायला तीच पुढे जायची. गेल्या हिवाळ्यात विषमज्वर झाला आणि आठवडे मोजत मोजत ती संपली. तिला पोचवायला अख्खं देऊळ आलं होतं. मी त्यानंतर तिथे पाऊल टाकलं नाही. मला देवाचा राग आहे, हे तुझ्यापाशी लपवून काय करू? आणि देवापेक्षा जास्त भीती त्या बाकाची आहे. डावीकडची रिकामी जागा मला बघवणार नाही.

सुरुवातीला बायका यायच्या, तर मी यांना सांगायला लावायचे की झोपली आहे. पाद्रीसाहेब येऊन चहा घेऊन, यांच्याशी बोलून गेले. हे मात्र दर रविवारी एकटे जातात. मला चला म्हणत नाहीत, आले की देवळात काय झालं ते सांगत नाहीत, नुसती टोपी खुंटीला अडकवून बसून राहतात. पिशवी त्यांनी कधी मागितली नाही आणि मी कधी दिली नाही. पण मूठ निघतच राहिली. हाताला कोण सांगणार? एक पिशवी भरली, मग दुसरी भरली. लढाईमुळे धान्य मापून मिळतं, भाताची चंगळ आता आपल्याकडेही राहिली नाही, तरी या दोन पिशव्या फडताळात टम्म होऊन बसल्या होत्या.

मागच्या रविवारी दुपारी दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. मुलगीच म्हणायची, लग्न होऊन फार दिवस झाले नाहीत. आमच्या मागच्या बाकावर बसते एवढंच मला माहीत होतं. नवरा पलटणीत आहे, ब्रह्मदेशाकडे गेला आहे आणि त्याचं पत्र येईनासं झालं आहे. तिच्या कडेवर एक पिशवी होती आणि नजर जमिनीवर. म्हणाली, गिरजातून पाठवलं आहे, थोडे तांदूळ आहेत. मला कळेचना. मग उलगडलं. हे दर रविवारी रिकाम्या हातानं जायचे, तेव्हा देवळातल्या बायकांना वाटलं की आमच्या घरात मूठ काढायलाही तांदूळ उरले नाहीत. मुठीचे तांदूळ आमच्याच दारी आले होते. आई, मी हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, आणि ते हसू आवरता आवरता रडूच कोसळलं. तिचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं, फडताळ उघडून पिशव्या दाखवल्या. ती बिचारी लाजेनं अर्धी झाली.

मी चहा ठेवला. ती चुलीशेजारी बसली आणि पदराचं टोक पिळत राहिली. मग म्हणाली, "दीदी, आपके पीछे खड़ी होती थी तो मैं भी गा लेती थी. अब नहीं गाया जाता. किताब खोलकर खड़ी रहती हूँ." इतकी वर्षं मी मागे वळून कधी बघितलं नाही. माझ्या गाण्याला माझी पोरगी कोपर मारायची, त्याच गाण्याला मागून कोणी धरून उभं आहे, हे मला कधी कळलंच नाही. उठताना ती म्हणाली की माझ्या जागेवर ती कोणाला बसू देत नाही. शेजारच्या जागेवरही नाही. चहा तिनं अर्धाच घेतला, आणि तिचे तांदूळ परत न्यायला लावताना माझी दमछाक झाली.

तेव्हापासून मला तू आणि ती मालगाडी दिसते आहे. मी घरी बसून माझं एकटीचंच दुःख सांभाळते असं समजत होते. तिथे ती पोर पुस्तक उघडून मुकी उभी आहे, तिचा माणूस जिवंत आहे की नाही तिला ठाऊक नाही, आणि तिच्या पुढची जागा मी रिकामी ठेवली आहे. राग गेलेला नाही, आई. देवाशी माझं अजून बोलणं नाही. पण देवासाठी जायचं नसतंच, असं तूच तर वेणी ओढून सांगितलं होतंस.

उद्या रविवार आहे. तांदळातले सोंडे गेले, आता पाखडून पिशव्या बांधायच्या आहेत आणि पांढरं पातळ धुऊन वाळत घालायचं आहे. माझा आवाज निघेल की नाही, सांगता येत नाही. न निघाला तर आम्ही दोघी मुक्या उभ्या राहू. हे कागद कुठे पाठवायचे नाहीतच, चुलीवरच्या फळीवर तुझ्या पितळी डब्याखाली ठेवते. फक्त एक सांगायचं राहिलं. तुला भावाची मूठ पाठ होती. माझी पोरगी माझ्यासमोर वाढली, त्या हातांनी तिनं माझी वेणी घातली, माझं डोकं चेपलं, आणि तिची मूठ केवढी होती ते मला काही केल्या आठवत नाही. म्हणून मी माझीच मूठ भरते, जरा जास्त, आणि तिच्या नावानं टाकते.