खिंडीतला नववा

सदाशिव पेठ, पुणे
२ सप्टेंबर १९७४

ती. मुक्ताताईस, गोपाळचा सा. न. वि. वि.

काल रविवारी राजगडाहून तोरण्याच्या वाटेने एकटाच चालून आलो. दिवसभर पाऊस होता. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नव्हतं. संध्याकाळी वेल्ह्याहून एसटी मिळाली. तब्येत ठीक आहे.

तुला आधी कळवलं असतं तर जाऊ दिलं नसतंस. आप्पासाहेब भावोजी गेल्याला महिना झाला. ते एकटेच मागे का फिरले, हे त्या वाटेने चालून तरी कळेल असं वाटलं.

डोंगरात शेवटच्याने माणसं मोजायची, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी आम्हा नऊ जणांत शेवटचा मी होतो. खिंडीत नऊ मोजले. मुक्कामी आठच पोचलो. म्हणून ते खिंडीनंतर चुकले असं धरून दोन दिवस पलीकडेच शोधलं. तिसऱ्या दिवशी ते अलीकडच्या घळीत सापडले, तेव्हा सगळे म्हणाले, हट्टाने परत फिरले असतील.

काल खिंडीखालच्या वस्तीवर भैरू नावाच्या माणसाने चहा दिला. त्या दिवशी तो चुकलेली म्हैस शोधत आमच्या रांगेतून खिंडीपर्यंत आला होता. सगळ्यांच्याच डोक्यावर पोत्याच्या खोळी होत्या. तो हसत म्हणाला, "मोजताना माज्याबी खांद्यावर हात ठिवला की तुमी."

नववा तो होता. आप्पासाहेब परत फिरले नव्हते. धुक्यात मला न कळता खिंडीआधीच मागे पडले होते.

हे तुला माझ्याकडूनच कळावं म्हणून लिहिलं. लोभ असावा.

तुझा
गोपाळ


वाई
७ सप्टेंबर

चि. गोपाळ यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं.

महिनाभर मी ह्यांच्यावर रागावून होते. भेटायला येईल त्याला सांगत होते, कोणाचं ऐकायचं नाही हा स्वभावच. दहाव्याला कावळा तासभर शिवेना, तेव्हा भटजींनाही म्हटलं, बसा, आमच्याकडे असंच असतं. आता तो राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

तू लिहिलं नसतंस तर मला कधीच कळलं नसतं, हेही मला समजतं.

यंदा भाऊबीजेला येऊ नकोस. वर्षाच्या आत घरात सण नाहीच, त्यामुळे कोणी विचारणार नाही. पुढच्या वर्षीचं मी कळवीन.

पायाला चिखल्या झाल्या असतील तर खोबरेल लाव.

मुक्ता


सदाशिव पेठ, पुणे
१२ सप्टेंबर

ती. मुक्ताताईस, सा. न. वि. वि.

पत्र मंगळवारी मिळालं. काल, परवा ऑफिसला जाऊन आलो. इथेही पाऊस आहे.

नाही कळवलंस तरी चालेल, असं लिहिणार होतो. पण ते खरं नाही. कळवशील तेव्हा येईन.

दरवेळी शेवटी लोभ असावा असं लिहितो. या खेपेला ते तुझ्यावर सोडतो.

भात झाला आहे. वाढून घेतो.

गोपाळ