साधूचं नाणं

६ ऑक्टोबर, रविवार

बंदरावरचा नामा नाणं घेऊन आला. "सोन्याचाच हाय, गुरुजी. जाल्यात गावला." जाळ्यात म्हणे! कडेवर साच्याची रेघ सरळ दिसत होती, वर बारीक बारीक भोकं – ओतलेल्या नाण्याला असतात तशी. मी बाबांच्या कानात सांगितलं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेल्यापासून बघते मी, निकाल देतात ते. अख्खा रेवदंडा अजून म्हणतो, धर्माजी गुरुजींची नजर!

मग छिन्नी. खोटं निघालं तर नाणं कापायचं, म्हणजे पुढे कुणी फसणार नाही – ही अट कबूल असेल तरच बाबा नाणं हातात घेतात. एका घावात आतलं तांबं लालभडक बाहेर आलं. त्या नाण्याच्या भरवशावर नामा पोरीचं लग्न ठरवून बसला होता. त्याचं तोंड बघून मला हसू आवरेना. आत जाऊन हसले.

८ ऑक्टोबर

डाळ खारट झाली म्हणून बाबांनी ताट सरकवलं. नऊ वर्षं याच घरात राबतेय. एकदा तरी चांगलं झालंय म्हणतील!

१२ ऑक्टोबर, शनिवार

विहारातला कार्यक्रम आटोपून हितेश जेवायला आला. माझा धाकटा भाऊ. उरणला तीन ट्रेलर फिरतात त्याचे, बाप आठवतो वर्षातून दोनदा. सोलकढी पिता पिता बाबा म्हणाले, "साधूचं नाणं हितेशला. घराण्यात राहील."

आणि मी कोण? भाडेकरू?

ते नाणं आजीचं, बायजाबाईचं. दुसऱ्याच्या वाडीत नारळाची आळी खणताना तिला सापडलं. पोर्तुगीजांचं, सोन्याचं, एका बाजूला उभा साधू. मालक फाटकात थांबून बायकांच्या ओट्या झाडून बघायचा. आजीने नाणं गालात धरून बाहेर काढलं, त्याच्याशी बोलायची वेळ आली तेव्हा दात दुखतोय अशी खूण केली. बाबांनी मला सगळं शिकवलं ते त्याच नाण्यावर – वजन, कड, अक्षरांची धार. हितेशला ते सुलटं कुठून धरायचं तेही कळत नाही. तो घराणं!

१३ ऑक्टोबर, रविवार

केलं एकदाचं.

हितेश निघाला होता. बाबा म्हणाले, "द्यायच्या आधी एकदा बघ गो." मी भिंग लावलं. खरं. शंभर टक्के खरं. म्हटलं, "बाबा, हे आजीचं नाही. बदललंय कुणीतरी. कडेवर रेघ आहे."

मे महिन्यात फोटो काढायला म्हणून हितेश ते पंधरा दिवस मुंबईला घेऊन गेला होता. त्यामुळे मला पुढे बोलावंच लागलं नाही.

"आईशप्पथ बाबा, नेलं तेच परत आणलं! ताई, काय बोलतेस तू?"

"चालू लाग," बाबा म्हणाले.

पंचेचाळिशीचा बाप्या, दारात चपला शोधत रडत होता. छान वाटलं. इथे खोटं कशाला लिहू – छान वाटलं!

नाणं टेबलावरच पडून आहे. बाबा उद्या फेकून देतील, मी उचलेन. आजीच्या नाण्यावर काही छिन्नी चालवणार नाहीत.

१४ ऑक्टोबर

चालवली!

चहा झाल्याबरोबर म्हणाले, "खोटं ना? आण छिन्नी." बदललेलं म्हटल्यावर ते आजीचं राहिलंच कुठे – हे माझ्या टाळक्यातच आलं नव्हतं. चिमट्यात नाणं धरलं मीच. बाबांनी बोटांनी चाचपून छिन्नी टेकवली. पहिला घाव हलका बसला, साधूच्या खांद्यावर नुसता ओरखडा. मग थांबले. हातोडी वर तशीच. किती वेळ कोण जाणे. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं – थांबा, खरं आहे! पण मग हितेश? मग मी कुठे जाऊ? तोंड उघडलं नाही.

दुसरा घाव जोरात. साधू मधोमध कापला. आत पिवळं. शेवटपर्यंत पिवळं.

"तांबं दिसतंय?"

"दिसतंय."

"बरं. ठेव."

१९ ऑक्टोबर

तुकडे माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली. रोज रात्री उघडून बघते. बाबा मात्र गोड झालेत. डाळीला नाव ठेवत नाहीत. काल तर "रचू" म्हणून हाक मारली. लहानपणी मारायचे तशी. नऊ वर्षं ज्याची वाट बघितली ते आता मिळतंय, तर नकोसं झालंय.

२२ ऑक्टोबर

हितेशचा फोन. मला नाही, बाबांना. दार लावून बोलले.

२७ ऑक्टोबर, रविवार

चौलहून कुणी विनेश नाणं घेऊन आला होता. बाबांनी परत पाठवला. "बघणं बंद केलं. मंगळवारी मुलगा न्यायला येतोय, उरणला."

मी म्हटलं, "मला सांगितलं नाहीत!"

"त्या दिवशी हितेश गेल्यावर मी कडेवरून बोट फिरवलं होतं. रेघ नव्हती." मग छिन्नी फडक्यात गुंडाळली. "पहिला घाव मुद्दाम हलका मारला, रचू. म्हटलं, तू हात धरशील."